फूटपाथची कुंडली

१५ जानेवारीला आपल्यापैकी बऱ्याच जणांनी महापालिकेसाठी पहिल्यांदाच मतदान केलं. पुण्यात तर एकेका मतदाराला चार-चार बटणं दाबायची होती. बाहेर आल्यावर शाईच्या बोटाचा सेल्फी, स्टोरी आणि मग चहा. चहा अर्धा झाला की ग्रुपमधलं कुणीतरी विचारतंच, ‘पण हे चौघं आता नक्की करणार काय?’ आणि कट्ट्यावर शांतता पसरते.

पसरणारच ना! पुणे महापालिकेची याआधीची निवडणूक झाली फेब्रुवारी २०१७ मध्ये. तेव्हा आपण शाळेत होतो. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टाच्या तारखा यात जवळपास चार वर्षं गेली. आपण अठरा पूर्ण केली, यादीत नाव आलं, लोकसभेला आणि विधानसभेला मतही देऊन झालं. पण रोज सकाळी नळाला पाणी सोडणारं, कचरा उचलणारं आणि आपल्या कॉलेजसमोरचा फूटपाथ उखडून ठेवणारं जे सरकार आहे, त्याचा लोकप्रतिनिधी आपण मोठं झाल्यावर पाहिलाच नव्हता. राज्यातल्या २९ महापालिकांमध्ये कमी-अधिक फरकाने हीच गोष्ट.

आता सभागृहं पुन्हा भरली आहेत आणि नव्या नगरसेवकांपुढे येणारं पहिलं मोठं काम आहे २०२६-२७ चं अंदाजपत्रक. आपल्या साध्या भाषेत, बजेट. केंद्राच्या बजेटच्या दिवशी टीव्हीवर दिवसभर चर्चा चालते. महापालिकेच्या बजेटची बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर येते आणि तिसऱ्या दिवशी विसरली जाते. खरं तर आपल्या रोजच्या जगण्याला जास्त चिकटलेलं बजेट हेच. आणि छोटंही नाही हं! पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक होतं १२,६१८ कोटी रुपयांचं. मुंबईचं ७४,४२७ कोटींचं.

हे आकडे बघून डोकं गरगरतं, म्हणून आपण एक करू. कोटी सोडून देऊ आणि एक फूटपाथ धरू. तो कुणाच्या सहीने झाला, कुणाच्या पैशाने झाला आणि सहा महिन्यांत उखडला कसा, एवढंच शोधू. त्याच्या मागे मागे गेलं की महापालिका बऱ्यापैकी कळते.

खुर्ची कुणाची, सही कुणाची?

पहिला गैरसमज महापौरांबद्दल. परदेशी सिनेमे बघून आपल्याला वाटतं, महापौर म्हणजे शहराचा बॉस. आपल्याकडे तसं नाही. महापौर मुख्य सभेचं अध्यक्षस्थान भूषवतात. (पुण्यात ‘मुख्य सभा’ म्हणतात, इतर बऱ्याच शहरांत ‘महासभा’.) कारभार चालवण्याचे अधिकार असतात आयुक्तांकडे आणि आयुक्तांना नेमतं राज्य सरकार. आपण ज्यांना मत दिलं ते नगरसेवक सभागृहात बसून धोरण ठरवतात, प्रश्न विचारतात, मंजुरी देतात किंवा अडवतात.

तिजोरीची किल्ली मात्र आहे स्थायी समितीकडे. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. पण १९४९ च्या महापालिका अधिनियमाखाली येणाऱ्या पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर यांसारख्या शहरांत या समितीत १६ नगरसेवक असतात. मोठ्या खर्चाच्या निविदा इथूनच मंजूर होतात. निवडणूक झाली की स्थायी समितीत जाण्यासाठी पक्षांत रस्सीखेच का होते, हे आता वेगळं सांगायला नको.

बजेटचा प्रवासही याच रस्त्याने होतो. आयुक्त मसुदा तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यात बदल करते आणि अध्यक्ष ते मुख्य सभेत मांडतात. तिथे चर्चा होते, मंजुरी मिळते आणि १ एप्रिलपासून नवं वर्ष सुरू. गेली काही वर्षं प्रशासकराज होतं तेव्हा गंमतच होती. आयुक्तांनी प्रस्ताव मांडायचा, स्थायी समितीच्या अधिकारात आयुक्तांनीच तो तपासायचा आणि मुख्य सभेच्या अधिकारात पुन्हा आयुक्तांनीच मंजूर करायचा! त्या काळात कामं झाली नाहीत असं मी म्हणत नाही. पण ‘हे एवढे पैसे का?’ असं भर सभेत, इतिवृत्तात नोंद होईल अशा आवाजात विचारणारं कुणी नव्हतं. नगरसेवक विचारतात किंवा विचारत नाहीत, हे निदान आता आपल्याला बघता येईल. मुख्य सभेला प्रेक्षक गॅलरी असते आणि ती आपल्यासाठीच असते.

तुमचं गाव नगरपरिषदेचं असेल, तर चित्र थोडं वेगळं. तिथे आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात आणि नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो. पण पैशाची वाट साधारण अशीच.

‘आपण कुठे टॅक्स भरतो?’

हॉस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्या प्रत्येकाचा हा आवडता डायलॉग. भरतो की! घरमालक मिळकतकर भरतो आणि तो आपल्या भाड्यात धरलेला असतो. सुट्टीत घरी गेलात की फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेलं मिळकतकराचं बिल एकदा काढून वाचा. तो एक आकडा नसतोच मुळी. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, पाणी आणि मलनिस्सारणाचे कर अशी यादी असते. शहरानुसार नावं थोडी बदलतात. त्यातच शिक्षण उपकर नावाची एक ओळ सापडेल. दुकान किंवा ऑफिसचं बिल असेल तर रोजगार हमी उपकरही. हे दोन्ही उपकर महापालिका फक्त गोळा करते, पैसे जातात राज्य सरकारकडे. म्हणजे बिलावरची सगळी रक्कम महापालिकेची नसते, हे बहुतेक घरमालकांनाही ठाऊक नसतं.

दुसरा मोठा झरा आहे जीएसटीचा. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाके असायचे. ट्रकांच्या त्या रांगा आई-बाबांना नक्की आठवत असतील. मग जकातीच्या जागी एलबीटी आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. महापालिकांचं हक्काचं उत्पन्न गेलं म्हणून राज्य सरकार कायद्याने त्यांना भरपाई देतं आणि दरवर्षी त्यात ८ टक्के वाढ धरली जाते. पैसे मिळतात हे बरंच. पण स्वतः गोळा करायचा कर जाऊन दरमहा राज्याकडून येणाऱ्या रकमेवर शहर अवलंबून राहायला लागलं, हा बदल लहान नाही. याशिवाय बांधकाम परवानगीचं शुल्क, पाणीपट्टी, केंद्र आणि राज्याची अनुदानं असतात. इमारतींची कामं थंडावली की पालिकेचा खिसाही हलका होतो.

जाडजूड पुस्तक वाचायचं कसं?

अंदाजपत्रकाची पीडीएफ महापालिकेच्या वेबसाइटवर असते. उघडलीत की पहिल्या दोन मिनिटांत बंद करावीशी वाटेल. मला वाटली होती. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात लोकशाहीचे चार स्तंभ पाठ करून घेतात, पण शहराचं बजेट उघडून कुणी समोर ठेवत नाही!

सुरुवातीची भाषणं सोडून द्या. थेट आपल्या क्षेत्रीय कार्यालयाचं किंवा पथ विभागाचं पान शोधा. प्रत्येक ओळ म्हणजे एक अर्थशीर्षक, म्हणजे एका कामासाठी किंवा एका प्रकारच्या कामांसाठी ठेवलेला पैशाचा कप्पा. त्यापुढे साधारण चार रकाने असतात. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षासाठी किती तरतूद होती, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती आणि पुढच्या वर्षी किती द्यायचे ठरलंय. बातम्यांमध्ये येतो तो शेवटचा रकाना. ‘फूटपाथसाठी अमुक कोटी!’ वगैरे. पण खरी गोष्ट पहिल्या तीन रकान्यांत असते.

समजा, एका ओळीत चालू वर्षाची तरतूद ५० लाख आहे आणि सुधारित अंदाज २० लाख. मग ३० लाख गेले कुठे? एकतर काम झालंच नाही किंवा पैसे दुसरीकडे वळवले. या वळवण्याला पुणे महापालिकेत फार सोज्वळ नाव आहे, ‘वर्गीकरण’. वर्षाच्या मधेच एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वर्ग करायचे. पाइपलाइन अचानक फुटली, पूर आला, तर हे करावंच लागतं, त्यात गैर काही नाही. पण उद्यानाचे पैसे निघून एखाद्या चकाचक स्वागत कमानीकडे गेले असतील, तर ते याच वर्गीकरणाच्या प्रस्तावात दिसतं. बजेटच्या दिवशीच्या हेडलाइनमध्ये ते कधीच दिसत नाही. म्हणून माझ्या मते बजेट मंजूर होतं त्या दिवसापेक्षा नंतरचे बारा महिने जास्त महत्त्वाचे.

आणखी एक शब्द कानावर पडेल, ‘स’ यादी. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली कामं पुण्यात या यादीत येतात. बाकडी, पेव्हर ब्लॉक, दिशादर्शक फलक, ड्रेनेजची झाकणं… नगरसेवकाच्या कामाचा खरा बायोडेटा हवा असेल तर फ्लेक्स बघू नका, ही यादी बघा. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत, म्हणजे एका प्रभागात चार (एका प्रभागात पाच). एखाद्या गल्लीचं काम कुणाचं, असं विचारलं तर चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतात. झालेलं काम मात्र चौघांच्याही फ्लेक्सवर असू शकतं! कागदावर कुणी काय सुचवलं होतं, हे पाहिलं की प्रश्न मिटतो. मुंबईकरांचं या बाबतीत बरं आहे. एक वॉर्ड, एक नगरसेवक, एकूण २२७.

बसने कॉलेजला येणाऱ्यांसाठी अजून एक ओळ. पीएमपीएमएल तोट्यात चालते, हे आपण बसची वाट बघत शंभरदा ऐकलंय. तो तोटा भरून कोण काढतं? ६० टक्के पुणे महापालिका आणि ४० टक्के पिंपरी-चिंचवड. त्यामुळे नव्या बस, फेऱ्या, पास यावर बोलायचं असेल तर डेपो मॅनेजरच्या केबिनइतकीच महापालिकेची मुख्य सभा ही योग्य जागा आहे.

आता आपला फूटपाथ

तर आपण धरलेला फूटपाथ. पहिलं काम, तिथे लावलेला कामाचा फलक शोधा. कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, मुदत अशी माहिती त्यावर अपेक्षित असते. फलक सापडला तर फोटो काढून ठेवा, कारण काम संपलं की तो गायब होतो. नसेलच, तर रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत आणि काम साधारण कधी झालं, एवढं टिपून घ्या.

या कामाची फाइल कुठेतरी नक्की असते आणि तिच्यात पाच कागद महत्त्वाचे. पहिला म्हणजे पूर्वगणनपत्रक, सगळे ‘एस्टिमेट’च म्हणतात. किती मीटर, किती जाडी, कोणता ब्लॉक, काय दर, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. दुसरी निविदा: कुणी कुणी भरली, कुणाला मिळाली, अंदाजित रकमेपेक्षा किती कमी दराने मिळाली. फार कमी दराने काम घेतलं असेल तर ते परवडवलं कसं, हा प्रश्न आपोआप पडतो. तिसरा कागद कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर. त्यात काम सुरू करायची आणि संपवायची तारीख असते.

चौथा माझा सगळ्यात आवडता, मोजमाप पुस्तिका. इंजिनिअरिंगवाले ‘एमबी’ म्हणतात. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन प्रत्यक्ष किती काम झालं ते मोजायचं आणि या वहीत लिहायचं, त्यावर वरिष्ठांनी तपासून सही करायची, आणि ठेकेदाराचं बिल निघतं ते याच नोंदीवर. म्हणजे वहीत फूटपाथ १२० मीटर लिहिलाय आणि तुम्ही टेप धरून मोजल्यावर तो ९० मीटर भरला, तर बोलायला दुसरं काही लागत नाही. तुम्ही सिव्हिलचे विद्यार्थी असाल तर सर्व्हेईंगचं प्रॅक्टिकल म्हणून हे करून बघाच. कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांनाही मीटरची टेप धरता येते.

पाचवा कागद कराराच्या अटींचा, त्यात ‘दोषदायित्व कालावधी’ नावाची अट शोधायची. नाव भयंकर आहे, अर्थ सोपा. काम झाल्यावर ठराविक काळात ते बिघडलं, तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं. मोबाइलची वॉरंटी असते ना, तेच. आपण काय करतो? फूटपाथ उखडला की नगरसेवकाकडे जातो. नगरसेवक ‘करून देतो’ म्हणतात. नवी तरतूद होते, नवी निविदा निघते आणि वॉरंटीत असलेल्या फूटपाथसाठी आपण पुन्हा पैसे मोजतो! तक्रार करताना ‘फूटपाथ दुरुस्त करा’ एवढंच लिहू नका. ‘हे काम दोषदायित्व कालावधीत आहे, त्यामुळे ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्यावं’ असं लिहा.

(आणि हो, फाइलमध्ये सगळं अगदी नीट असण्याचीही शक्यता असते. काम चांगलं झालेलं असतं आणि नंतर केबलवाल्यांनी खोदलेलं असतं. अशा वेळी खोदाईची परवानगी कुणी दिली आणि पूर्ववत करण्याचं शुल्क घेतलं का, हा पुढचा प्रश्न.)

सोमवारी दुपारी ३ वाजता

हे कागद आपल्याला दाखवतील कोण? माहिती अधिकार कायदा, २००५. या कायद्यात नुसतं माहिती मागण्याचा नाही, प्रत्यक्ष बसून कागद पाहण्याचाही अधिकार आहे. पुणे महापालिकेने दर सोमवारी नागरिकांना फाइल्स पाहू देण्याची पद्धत सुरू केली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने तोच धडा घेऊन जिल्हास्तरावरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आदेश काढला: दर सोमवारी दुपारी ३ ते ५, अभिलेख अवलोकनासाठी खुले. आदेश असणं आणि टेबलावर फाइल येणं यात अंतर असतं, त्यामुळे नेमकी कोणती फाइल बघायची आहे ते आधी लिहून देऊन ठेवलेलं बरं. ‘रस्त्यांची सगळी माहिती द्या’ म्हणालात तर तुम्हीही थकाल आणि समोरचा क्लार्कही. त्याच्याकडे अशा शेकडो फाइल्स असतात. कामाचं नाव आणि वर्ष सांगितलं तर तोच मदत करतो.

रीतसर अर्ज करायचा तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. आपल्याला इन्स्टाची कॅप्शन लिहायची सवय आहे, १५० शब्द भरपूर झाले. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, झेरॉक्सचे पानाला २ रुपये. कागद पाहायचे असतील तर पहिला तास फुकट. अर्जात ‘का’, ‘कशासाठी’ असे प्रश्न टाकू नका. कारणमीमांसा द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. आहे तो कागद मागा: ‘अमुक रस्त्यावरील फूटपाथच्या २०२५-२६ मधील कामाची मोजमाप पुस्तिका, कार्यादेश आणि दोषदायित्व कालावधीची अट यांच्या प्रती मिळाव्यात.’ बस्स.

एकट्याने करायला धाकधूक वाटत असेल तर सोबत शोधा. मुंबईत प्रजा फाउंडेशन नगरसेवकांच्या सभागृहातल्या कामगिरीचे अहवाल काढतं. पुण्यात सजग नागरिक मंच बरीच वर्षं महापालिकेच्या कारभारावर लक्ष ठेवून आहे. त्यांची टिपणं वाचली तरी प्रश्न कसा विचारायचा याची शिकवणी होते.

गावात आहे, शहरात नाही

आमच्या वर्गात निम्मी मुलं गावाकडून आलेली आहेत आणि या विषयात ती शहरातल्या मुलांच्या पुढे आहेत. त्यांनी ग्रामसभा पाहिलीय. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. चावडीवर किंवा शाळेच्या पटांगणात सरपंचाला भर गर्दीत हिशेब विचारलेला पाहिलाय. भांडणंही पाहिली आहेत! ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तर हॉस्टेलच्या खोलीत बसून आपल्या ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च झाला तेही बघता येतं. गावी फोन करून ‘काय ओ काका, त्या गटारीचं काय झालं?’ असं विचारायला ते पुरेसं आहे.

शहरात असं काहीच नाही का? कागदावर आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात बदल करून शहरांसाठी ‘क्षेत्रसभा’ आणली. मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांनी एकत्र बसायचं, कामं सुचवायची, प्राधान्य ठरवायचं. कायदा होऊन सतरा वर्षं होत आली, पण तुम्हाला कधी क्षेत्रसभेचं बोलावणं आलंय? मलाही नाही. नव्या नगरसेवकांना पहिल्या भेटीत पुष्पगुच्छ देऊन झाला की हा एक प्रश्न नक्की विचारण्यासारखा आहे.

उघडं असलेलं एक छोटं दार मात्र पुण्यात आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये लोकांनाच बजेटमध्ये सहभागी करून घ्यायचा प्रयोग सुरू झाला आणि तो जगभर गेला. पुण्याने तो २००६ मध्ये घेतला. नागरिकांनी फॉर्म भरून आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं, क्षेत्रीय कार्यालयाने ते तपासायचं आणि मान्य झालं तर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये घ्यायचं. पदपथाची दुरुस्ती, दिव्याचा खांब, बसस्टॉपजवळचं बाकडं अशी कामं. एकूण बजेटच्या मानाने हा हिस्सा अगदी चिमुकला आहे आणि सुचवलेलं काम पुढे खरंच झालं का, याचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात. कॉलेजच्या एनएसएस युनिटने मनावर घेतलं तर तोवर कॉलेजभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरची पाहणी सहज होईल. कुठे दिवा नाही, कुठून मुलींना रात्री यायला भीती वाटते, व्हीलचेअर फूटपाथवर कुठे चढत नाही, हे कुठल्याही कन्सल्टंटपेक्षा तिथे रोज चालणाऱ्या मुला-मुलींना जास्त चांगलं ठाऊक असतं.

ऑगस्टला अजून वेळ आहे. त्याआधी येतोय मार्च एंड. तरतूद वाया जाऊ नये म्हणून वर्षभर रेंगाळलेली कामं या महिन्यात अचानक धावायला लागतात. धडधाकट ब्लॉक निघतात, नवे बसतात, रातोरात रंग चढतो. तुमच्या रस्त्यावर असं काम सुरू झालेलं दिसलं तर आधी फलकाचा फोटो काढा. लांबी पावलांनी मोजली तरी चालेल. आणि पुढच्या सोमवारी दुपारचं लेक्चर नसेल तर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन या. जाताना पेन आणि ओळखपत्र घेऊन जा, आणि मोबाइल चार्ज करून.